आरएक्स १०० चं तेल गळणं आणि अमळनेरचे बिनपाटीचे मिस्तरी : माझा पूर्ण अनुभव

मंडळी जरा मोठं लिहितोय, पण ज्यांच्या घरी अजून जुनी टू स्ट्रोक मोटारसायकल उभी आहे आणि खाली फरशीवर तेलाचा डाग पडतोय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, माझे दीड वर्ष आणि बरेच पैसे ह्यात गेलेत, तुमचे जाऊ नयेत एवढंच वाटतं.

गाडी अप्पांची. १९९२ ची यामाहा आरएक्स १००, अप्पा धरणगावला जिनिंगमध्ये दिवाणजी होते तेव्हा नवी घेतलेली. ९८ सीसी, ११ बीएचपी, आजच्या हिशोबाने आकडा छोटा वाटतो पण ज्याने चालवलीय त्याला माहितीये तिसऱ्या गिअरमध्ये ती काय करते. ८५ साली आली आणि ९६ ला बंद झाली, म्हणजे अकराच वर्षं बनली, तरी आजही कुठं उभी केली की दोन माणसं जवळ येऊन विचारतातच. अप्पा गेल्यावर ती शेडमध्ये सहा वर्षं तशीच उभी होती, मग मी ठरवलं चालू करायची. चालू झाली, आणि त्याच दिवसापासून गळायला लागली.

आता गळणं म्हणजे कसं, तर डाव्या बाजूला मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारं चाक) कव्हरखाली ओलं, गिअरच्या लिव्हरपाशी ओलं, सायलेन्सर सिलेंडरला जिथं बसतो तिथून काळं ओघळ, आणि रात्रभर उभी राहिली की ओसरीच्या फरशीवर रुपयाएवढा डाग. आई रोज सकाळी राख टाकून पुसायची, बोलायची काही नाही पण पुसायची. मी आधी तीन वेळा वेगवेगळ्या ठिकाणी काम करून घेतलं, नावं घेत नाही, तिन्ही वेळा एकच प्रकार झाला, गाडी बघितली न बघितली, "गॅस्केट गेलंय" म्हणून कव्हर उघडलं, नवीन गॅस्केट टाकलं, वरून सिलिकॉनचा जाड थर लावला, बोल्ट ताकदीने आवळले, आणि गिअर ऑइलचा लिटरचा पूर्ण डबा आत ओतला. आठ दिवस कोरडी, नवव्या दिवशी परत ओली. तिसऱ्या वेळेस तर एका बोल्टचे आटे गेले.

मग चोपड्याच्या एका दोस्ताने सांगितलं की अमळनेरला एक जुने मिस्तरी आहेत, फक्त टू स्ट्रोकच करतात. दुकानाला पाटी नाही, बोरी नदीच्या बाजूला एका कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड आहे, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. कोणालाही "टू स्ट्रोकवाले नाना" म्हणून विचारा, सांगतात. नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडत नाही, गर्दी झाली की काम बिघडतं म्हणतात. मीही त्यांना नानाच म्हणतो.

पहिल्या दिवशी मी एप्रिलच्या उन्हात धरणगावहून गाडी चालवत घेऊन गेलो. नानांनी आधी काय केलं असेल तर गाडी बंद करायच्या आत नुसता आवाज ऐकला. रेस सोडली तरी आरपीएम, म्हणजे इंजिनचा फिरायचा वेग, लगेच खाली येत नव्हता, लटकून राहत होता, मला वाटायचं केबल अडकतेय. त्यांनी गाडी बंद केली, प्लग काढला, हातावर घेऊन मला दाखवला, टोक पांढरंफट. आणि मग चिडलेच माझ्यावर, एवढ्या उन्हात ही गाडी चालवत आणली? पिस्टन चिकटला असता रस्त्यात, मागचं चाक जाम झालं असतं. मला समजेना, गळतंय तेल आणि हे पिस्टनचं काय बोलताहेत.

तेव्हा त्यांनी जे समजावलं ते मला तीन गॅरेजात कुणी सांगितलं नव्हतं. टू स्ट्रोकमध्ये पिस्टनखालची जी क्रँकची (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) पेटी असते ना ती नुसती पेटी नाही, तो पंप आहे. पिस्टन वर गेला की पेटीत ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरकडून पेट्रोल-हवा आत येते, पिस्टन खाली आला की तीच हवा दाबली जाऊन बाजूच्या पोर्टमधून, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर सिलेंडरमध्ये जाते. म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना जी रबरी सीलं असतात त्यांना एकदा ओढ आणि एकदा दाब असं मिनिटाला हजारो वेळा सहन करायचं असतं. फोर स्ट्रोकमध्ये सील गेलं तर तेल गळतं, फरशी खराब होते, एवढंच. टू स्ट्रोकमध्ये सील गेलं तर दाबाच्या वेळेस तेल बाहेर येतं आणि ओढीच्या वेळेस त्याच फटीतून फुकटची हवा आत जाते. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोलबरोबर येऊन इंजिनला वंगण देणारं टूटी (2T) ऑइलही त्या मानाने कमी पडतं. इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो, रेस लटकते, आणि एक दिवस पिस्टन धरतो. मी ज्याला डाग समजत होतो तो डाग नव्हता, इशारा होता, आणि तो मी दीड वर्ष सिलिकॉनने झाकत होतो.

हे मॅग्नेटच्या बाजूचं सील. क्लचच्या बाजूचं, म्हणजे उजवीकडचं गेलं तर उलटा प्रकार होतो, इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल आत ओढून जाळतं. बाहेर एक थेंब दिसत नाही पण मागून पांढरा धूर सुटतो, प्लग ओला काळा होतो आणि गिअर ऑइल कमी कमी होत जातं. ज्यांची गाडी बाहेरून कोरडी आहे पण ऑइल गायब होतंय त्यांनी हे लक्षात ठेवा.

मी म्हटलं मग उघडा ना नाना, सील बदला. तर ते म्हणाले, "आगुदर तेल कथाईन येस ते देखू, मंग खोलू." (आधी तेल कुठून येतं ते बघू, मग खोलू.) आणि तो अख्खा दिवस त्यांनी इंजिनचा एक बोल्ट सैल केला नाही. माझ्यासाठी ह्या दुकानाची खरी किंमत हीच आहे.

काय केलं ते सांगतो. जुन्या उशीच्या खोळीची पांढरी चिंधी घेतली, तिच्यावर इंजिनच्या चार ठिकाणचं तेल टिपलं, आणि चिंधी उन्हात धरून मला दाखवली. चार डाग, चारही वेगळे. गिअर लिव्हरपाशी टिपलेला मधासारखा काळपट, वास घेतला तर क्लच जळल्याचा वास, हे गिअर ऑइल. मॅग्नेटच्या कव्हरच्या खालच्या बाजूचा पातळ, निळसर झाक असलेला, हे टूटी, म्हणजे क्रँकच्या पेटीतून आलेलं. सायलेन्सरच्या तोंडाशी डांबरासारखा काळा चिकट. आणि चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटमागचा (चेन फिरवणारं दातेरी चाक) जाड, बोटात चोळला तर रेतीसारखा कचकच करणारा, तो गळतीचा नव्हताच, मीच चेनला भरभरून तेल मारत होतो ते उडून तिथं साचत होतं. तीन गॅरेजांनी चारही गोष्टींना एकच "लीकेज" म्हटलं होतं, इथं अर्ध्या तासात चार वेगळी दुखणी निघाली.

मग इंजिन डिझेलने ब्रश मारून धुतलं, हवा मारून कोरडं खटक केलं आणि सगळ्या जोडांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर उडवली. पावडर मारलेली गाडी बघून मला कसंतरीच झालं पण प्रकार भारी आहे. गावात हळूच एक चक्कर मारून आणली, बसवली, तर पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ कुठून सुरू होते ते स्वच्छ दिसत होतं. नाना म्हणाले तेल उताराले जास भाऊ, आणि वर चालत्या गाडीचं वारं त्याला मागं ढकलतं, म्हणून ओलं जिथं दिसतं तिथं कधीच भोक नसतं, भोक त्याच्या वर आणि पुढं असतं. मी दीड वर्ष ड्रेन बोल्टचा वायसर बदलत बसलो होतो, कारण थेंब तिथून पडायचा. तेल येत होतं वरून, गिअरच्या शाफ्टच्या आणि स्प्रॉकेटच्या सीलमधून.

आणि ती सीलं तरी का गळत होती? त्यांनी गिअरबॉक्सची हवा सोडायची जी बारीक नळी असते तिच्यात तार घातली, तार पुढं जाईना. नळी काढून कापली तर आत कुंभारीण माशीने घर केलेलं, मातीचं, दगडासारखं कडक. सहा वर्षं शेडमध्ये उभी होती तेव्हा केलं असणार. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही, मग ती तेलाला सीलमधून ढकलते. त्यात आत पूर्ण लिटर तेल, ह्या गाडीला लिटरपेक्षा बरंच कमी लागतं, नानांनी काढून मापट्यात मोजून दाखवलं. म्हणजे नवीन सील टाकूनही ते परत गळलंच असतं. ती मातीची गोळी मी घरी आणलीय, अजून ठेवलीय.

आता ज्या टेस्टसाठी मी हा लेख लिहितोय ती. नानांकडे डॉक्टरांच्या जुन्या बीपी मशिनचा फुगा आणि डायल आहे. दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढला, दोन्ही तोंडं जाड ट्यूबच्या रबराने आणि पत्र्याच्या पट्टीने बंद केली, पिस्टन खाली आणला म्हणजे पोर्ट उघडे राहतात, आणि एका रबरात बसवलेल्या व्हॉल्व्हमधून फुग्याने हवा भरली. डायलचा काटा ३०० पर्यंत, ते म्हणजे साधारण ६ पीएसआय, त्याच्यावर जायचं नाही, नाहीतर चांगली सीलंही उलटतात. चांगलं इंजिन असेल तर काटा मिनिटामिनिटाला जरासाच सरकतो. माझ्या गाडीचा काटा मिनिट व्हायच्या आत १२० वर आला, आम्ही दोघं बघत होतो, मला पोटात गोळा आला. मग चहाच्या बशीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेक जोडावर लावत गेले. सिलेंडरचं खालचं गॅस्केट, काही नाही. हेड, काही नाही. कार्ब्युरेटरच्या मागच्या रीड व्हॉल्व्हचा (हवा एकाच दिशेने आत सोडणारी पट्टी) जोड, काही नाही. मॅग्नेट काढून (पुलरने काढलं, हातोडी लावली नाही, हातोडीने काढणाऱ्याकडे गाडी देऊच नका, क्रँकची वाट लागते) मागं ब्रश फिरवला तर सीलच्या कडेने मुंगीच्या अंड्यासारखे बारीक बुडबुडे एकामागून एक. उजव्या बाजूची तपासणी वेगळी केली, गिअर ऑइल भरायच्या तोंडाशी साबणाचा पापुद्रा धरला, तो फुगला नाही, म्हणजे क्लचकडचं सील शाबूत. म्हणून त्यांनी ती बाजू उघडलीच नाही. उघडली असती आणि जास्त पैसे लावले असते तरी मला कळलं नसतं, हेही सांगायला पाहिजे.

मॅग्नेटकडचं सील बाहेरूनच निघतं, इंजिन फाडावं लागलं नाही. सीलच्या पत्र्याला दोन बारीक भोकं, त्यात स्क्रू, आणि पकडीने दोन्हीकडून सारखं ओढलं. बाहेर आलं ते बोटाने दाबून दाखवलं, ओठ वाकायच्या ऐवजी तुटला. "हाई सील नही भाऊ, पापड व्हई गया." उभ्या गाडीत रबर सुकतं आणि आमच्याकडे जळगाव-भुसावळची उन्हाळ्याची ४५ डिग्री, पत्र्याच्या शेडखाली तर त्याच्याही वर, अशा सहा उन्हाळ्यांत त्याचं काय होणार. नवीन सील बसवायच्या आधी त्यांनी शाफ्टवर नखाने आडवं खरवडून बघितलं, जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवीनही टिकत नाही. खाच नव्हती, माझं नशीब. ओठाला ग्रीसचं बोट लावलं, बरोबर मापाचा पाईपचा तुकडा वर धरून हळूहळू चारी बाजूंनी सारखं आत घातलं. ह्या सगळ्याला वीस मिनिटं. परत फुगा लावला, ३०० वरून पाच मिनिटांत २९० च्या आसपास. मी फोटो काढला त्या डायलचा.

गिअर शाफ्ट आणि स्प्रॉकेट, दोन्हीकडची सीलं बदलली, हवेची नळी नवीन. कव्हरवरचं जुनं सिलिकॉन खरवडायला मात्र त्यांना जवळजवळ पूर्ण दुपार लागली. हे सिलिकॉन जोडाच्या आतल्या बाजूला फुगून लोंबतं, तुटून तेलात पडतं आणि नको तिथं अडकतं, एका ठिकाणी लोंबणारा तुकडा त्यांनी चिमट्याने काढून दाखवला. कव्हरच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याच्या दोन खुणा होत्या, कव्हर काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून सपाट केलं, आणि नुसतं कागदी गॅस्केट, हलकं ग्रीस, बस. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले. आटे गेलेल्या भोकात आट्याची नवीन स्प्रिंग बसवून दिली.

सायलेन्सरच्या तोंडाचं काळं ओघळ ही माझीच चूक निघाली. ह्या गाडीला ऑटोल्यूब आहे, टूटीची वेगळी टाकी, पंप आपोआप रेसच्या हिशोबाने तेल देतो. मला कुणीतरी सांगितलं पंपावर भरोसा नको, म्हणून मी पेट्रोलमध्येही अंदाजाने टूटी टाकत होतो. म्हणजे डबल. न जळलेलं तेल सायलेन्सरमध्ये साचून जोडातून बाहेर येत होतं, आणि गावातल्या गावात हळू चालवल्याने आणखीच. नानांनी पंपाची खूण जुळवली, पारदर्शक नळीतला हवेचा बुडबुडा काढला, आणि ठणकावून सांगितलं की एकतर पंप नाहीतर पेट्रोलमध्ये, दोन्ही नाही. सायलेन्सरच्या आतली जाळी जाळून साफ केली, तोंडाचं गॅस्केट नवं. कॉस्टिक सोड्याने साफ करायची घाई घरी करू नका, हात भाजतो आणि ॲल्युमिनियमला लागलं तर ते खाऊन टाकतं. पेट्रोल कॉकचं रबरही बदलायला लावलं, आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इतक्या जुन्या रबराला ते मानवत नाही.

बिल १८४० रुपये. सामान ६४०, मजुरी १२००. आधीच्या तीन ठिकाणी मिळून मी ह्याच्या तिपटीहून जास्त दिले होते.

आता जे पटलं नाही तेही लिहितो. गाडी पाच दिवस अडकली, त्यातले दोन दिवस नुसतं सील यायची वाट बघण्यात, कारण लोकल सील ते लावत नाहीत. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच उचलत, दोनदा मी धरणगावहून जाऊन हात हलवत परत आलो. पावती मिळत नाही, सामानाची पाकिटं मात्र हातात देतात. बसायला एक बाकडं, दुपारी पत्रा तापला की तिथं थांबवत नाही. आणि बोलणं कडक आहे, मला ठीक वाटलं पण माझ्यासमोर एका कॉलेजच्या पोराला सायलेन्सर कापून आणला म्हणून त्यांनी गाडीला हातच लावला नाही, परत पाठवलं, त्या पोराचा चेहरा बघून वाईट वाटलं, नीट समजावून सांगता आलं असतं. फोर स्ट्रोक घेतच नाहीत. कलर, क्रोम, पॉलिश ह्यातलं काही होत नाही. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या फोनचा कापला.

घरी आल्यावर नानांनी सांगितलं तसं रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला, दोन्ही चाकांच्या जागा पेनने मार्क केल्या, म्हणजे थेंब पडला तर गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी कळतं. पहिले चाळीस दिवस पुठ्ठा कोरा. रेस सोडली की आता लगेच खाली बसते, प्लग कॉफीच्या रंगाचा, आणि पहिल्या किकला नाही तर दुसऱ्या किकला चालू. आईने राखेचा डबा ओसरीवरून परत चुलीपाशी नेला, ते मला बिलापेक्षा मोठं वाटलं.

अपडेट, जून : एकेचाळिसाव्या दिवशी पुठ्ठ्यावर उजव्या बाजूला मोहरीएवढा एक ठिपका दिसला. पावडर मारून बघितलं, किकच्या शाफ्टमधून येतंय, मधाच्या रंगाचं, म्हणजे गिअर ऑइल, घाबरण्यासारखं नाही. ह्या वेळेस मी स्वतः शोधून गेलो, नानांनी नुसती मान हलवली आणि किकचं सील बदलून दिलं, ९० रुपये. जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, मंगळवार सोडून, त्या दिवशी मंगळग्रह मंदिराची गर्दी असते आणि गावात गाडी पुढं सरकत नाही. आणि रेस लटकत असेल तर चालवत नेऊ नका, छोटा हत्ती (टेम्पो) करा.